ओलावामापक ४० टक्के दाखवतो, तरी केळीची पाने मिटतात: काय तपासावे?

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाने ऐन मे महिन्यात काही प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या सात एकर कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) जमीन काळी व भारी असून लागवड पाच बाय पाच फुटांवर आहे. प्रत्येक झाडाजवळ ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत आणि रोज पाच तास पाणी दिले जाते. यंदा त्यांनी मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर आणि लहानसे हवामान केंद्र बसवले. सेन्सर रात्रंदिवस ३९ ते ४१ टक्के ओलावा दाखवतो, परंतु दुपारी पाने मिटतात आणि खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. हवामान केंद्र ४७ अंश तापमान दाखवते, तर महसूल मंडळातील सरकारी नोंद ४४ अंशांची आहे. सेन्सर बिघडला आहे का, पाणी वाढवावे का, स्वतःच्या केंद्राच्या नोंदी विम्यासाठी चालतील का आणि आणखी उपकरणे घ्यावीत का, असे त्यांचे प्रश्न आहेत. केळी, कापूस आणि हरभऱ्याच्या शेतांत अशी उपकरणे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली विनंती ही की पाणी वाढवू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून बाग तहानलेली नसून तिच्या मुळांना हवा मिळत नसावी, असे मला वाटते. त्याची खात्री कशी करायची ते पुढे सांगतो.

केळीची पाती मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली मिटते, ती पाणी वाचवण्यासाठी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी एक ते चार या वेळेत पुरेसे पाणी असलेल्या बागेतही पाने मिटतात, कारण पानांतून जितक्या वेगाने पाणी उडते तितक्या वेगाने मुळे ते वर पोचवू शकत नाहीत. म्हणून दुपारच्या पानांवरून पाण्याचा निर्णय घेऊ नये. सकाळी सहाच्या सुमारास बागेत जा. तेव्हा पाने पूर्ण उघडलेली असतील तर रात्रभरात झाडाने आपली भरपाई केलेली आहे. सकाळीही ती मिटलेली असतील तर मुळांना पाणी मिळत नाही. मात्र याची दोन कारणे असू शकतात: जमिनीत पाणी नाही, किंवा पाणी इतके आहे की मुळे गुदमरून काम करेनाशी झाली आहेत. वरून पाहिले तर दोन्ही बागा सारख्याच दिसतात, म्हणूनच जमिनीच्या आत पाहावे लागते.

आपल्या भाषेत यासाठी वाफसा हा नेमका शब्द आहे. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी जी स्थिती असते तिला आपण वाफसा म्हणतो, आणि ओलावा मोजण्याच्या कोणत्याही उपकरणाचे काम शेवटी वाफसा कुठून कुठपर्यंत आहे हे दाखवणे एवढेच असते. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ही मर्यादा साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास संपू लागते. त्यापलीकडे ओलाव्याचा आकडा वाढणे म्हणजे हवेची जागा पाण्याने घेणे. तेव्हा तुमचा ४० हा आकडा खरा असेल तर तो सुखावणारा नाही.

पण तो आकडा खरा आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. तुम्ही घेतलेला सेन्सर मातीची विद्युत धारकता मोजतो. पाण्याचा विद्युत स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीच्या खनिजांचा चार-पाच आणि हवेचा १ असतो. या मोठ्या फरकामुळे मातीत पाणी किती आहे याचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की कारखान्यातून येणारे समीकरण बहुधा पोयट्याच्या किंवा हलक्या मातीवर बसवलेले असते. आपल्या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण आणि ट्यूबवेलच्या पाण्यातील क्षार यांमुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. ठिबकमधून विद्राव्य खत सोडल्यानंतर काही तास आकडा अचानक वर उडतो, ते याच कारणाने. तेव्हा पाणी वाढलेले नसते, क्षार वाढलेले असतात.

यावर उपाय घरच्या घरी करता येतो. सेन्सरपासून वीतभर अंतरावर, त्याच खोलीवरची माती काढून लगेच वजन करा. समजा ती २५० ग्रॅम भरली. प्रयोगशाळेत ही माती १०५ अंशांवर २४ तास भट्टीत वाळवतात, घरी ती पसरट भांड्यात मंद आचेवर, सतत हलवत, वजन कमी होणे थांबेपर्यंत वाळवली तरी आपल्या कामापुरता अंदाज येतो. वाळल्यावर ती २०० ग्रॅम भरली तर ५० ग्रॅम पाणी होते, म्हणजे वजनाने २५ टक्के. सेन्सर मात्र आकारमानाने टक्केवारी दाखवतो, म्हणून २५ ला मातीच्या घनतेने गुणावे लागते. काळ्या मातीची घनता १.२५ धरली तर उत्तर सुमारे ३१ टक्के येते. त्या वेळी सेन्सर ३९ दाखवत असेल तर तुमच्या शेतात तो साधारण आठ अंकांनी जास्त दाखवतो, हे कळले. जमीन ओली असताना, मध्यम असताना आणि कोरडी असताना अशा तीन वेळा ही पडताळणी केली की तुमच्या मातीचे समीकरण तुमच्याच वहीत तयार होते.

तरीही मी शेतकऱ्यांना आकड्यापेक्षा आलेखाकडे पाहायला सांगतो, कारण आकडा चुकीचा असला तरी आलेखाचा आकार सहसा खरे बोलतो. मोबाईलवर मागच्या चार-पाच दिवसांचा आलेख उघडा. निरोगी बागेत तो जिन्यासारखा दिसतो: सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळपर्यंत उतरतो, कारण मुळे पाणी ओढत असतात, आणि रात्री जवळजवळ आडवा राहतो, कारण तेव्हा पाने पाणी सोडत नाहीत. दिवसा जितका उतार तितकी मुळांची भूक. दिवसागणिक पायरीची उंची कमी होऊ लागली, म्हणजे उन्ह तेच असताना झाड पूर्वीइतके पाणी ओढू शकत नाही असे दिसले, की पाणी देण्याची वेळ झाली, मग आकडा २८ असो की ३३. आलेख रात्रीही दिवसासारखाच घसरत असेल तर ते पाणी मुळे घेत नसून खाली निचरून जात आहे, आणि त्याबरोबर तुमचा युरियाही जात आहे. आणि आलेख दिवसाही आडवाच असेल, ऐन मे महिन्यात पायरीच दिसत नसेल, तर त्या जागी मुळे काम करत नाहीत. रात्रंदिवस ३९ ते ४१ असे तुम्ही लिहिले आहे, ते वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याचमुळे.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातील एका बागेत मी असाच सपाट आलेख पाहिला होता. मालकांचे म्हणणे, उन्ह वाढले म्हणून पाणी वाढवले, आणि पाणी वाढवले तशी पाने जास्त मिटू लागली. सालदाराने पहारीने दोन ड्रिपरच्या मध्ये खड्डा घेतला. वरची चार बोटे माती कोरडी व भेगाळलेली होती, म्हणून वरून पाहणाऱ्याला बाग तहानलेली वाटणे साहजिक होते. दीड वीत खाली मातीचा गोळा बोटांना मेणासारखा चिकटत होता, त्याला आंबूस वास येत होता, आणि दोन बोटांत धरून ओढताच मुळांची साल सुटून आतला पांढरा दोरा तेवढा हातात राहत होता. त्या बागेत दोन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवून नंतर ते निम्म्यावर आणले. आठवड्याभराने आलेखात पुन्हा पायऱ्या दिसू लागल्या आणि नवीन पाने सरळ निघाली. तुमच्या बागेतही आधी असा एक खड्डा घ्या. कोणत्याही उपकरणापेक्षा तो अधिक सांगेल.

आता पाण्याचा हिशेब. वैशाखात आपल्या भागात उघड्या पात्रातून दिवसाला १२ मिलिमीटर बाष्पीभवन होते असे धरू. वेधशाळेतले प्रमाणित पात्र सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे व २५ सेंटिमीटर खोल असते. त्यातले बाष्पीभवन पिकाच्या गरजेपेक्षा जास्त असते, म्हणून त्याला ०.७ ने गुणतात. पूर्ण वाढलेल्या केळीचा गुणांक १.१ धरला आणि एका झाडाचे क्षेत्र सव्वादोन चौरस मीटर धरले तर १२ × ०.७ × १.१ × २.२५ म्हणजे जवळपास २१ लिटर होतात, आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून झाडामागे दिवसाला सुमारे २३ लिटर. तुमचे दोन ड्रिपर ताशी आठ लिटर देतात, म्हणजे तीन तासांपेक्षाही थोडा कमी वेळ पुरतो. पाच तासांत तुम्ही ४० लिटर देत आहात. निचरा मंद असलेल्या भारी जमिनीत रोजचे हे सतरा लिटर जास्तीचे पाणी महिनाभर साठत गेले तर मुळांचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. तुमच्या केंद्राच्या ॲपमध्ये संदर्भ बाष्पोत्सर्जन असा आकडा असेल तर त्याला पुन्हा ०.७ ने गुणू नका, तो आधीच पिकाच्या जवळ आणलेला असतो. फक्त १.१ ने आणि क्षेत्राने गुणा.

हा हिशेब ड्रिपर सांगितल्याप्रमाणे पाणी देतो या गृहीतावर उभा आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या खोल ट्यूबवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी ते गृहीत तपासल्याशिवाय धरू नये. चुन्याचे थर बसून ड्रिपर अर्धवट बंद होतात. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली मोजपात्र ठेवले तर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमायला हवे. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा दहा-बारा ठिकाणी मोजा. कुठे २०० आणि कुठे ११० येत असेल तर आधी आम्लप्रक्रिया करून लाइन धुवा. सेन्सर एका झाडाजवळ असतो, पण पाणी एकराला साधारण साडेसतराशे झाडांना द्यायचे असते.

यावरून जागेचा मुद्दा येतो. तुमचा सेन्सर कुठे पुरला आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण बसवणारे तंत्रज्ञ घाईत असले की तो बहुतेक वेळा थेट ड्रिपरखाली जातो. तिथे माती कायम चिंब असते. तो ड्रिपरपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर बाजूला, खोडाच्या दिशेने, निरोगी आणि मध्यम वाढीच्या झाडाजवळ असावा. बांधाजवळचे किंवा व्हॉल्व्हजवळचे झाड निवडू नये. केळीची बहुतांश मुळे वरच्या फूट-सव्वा फुटात असतात, म्हणून एक सेन्सर २० ते २५ सेंटिमीटरवर आणि दुसरा ५० सेंटिमीटरवर असावा. वरचा पाणी कधी द्यायचे ते सांगतो, खालचा किती वेळ द्यायचे ते. पाणी दिल्यानंतर खालच्याचा आकडा दर वेळी चढत असेल तर पाणी मुळांखाली जात आहे. एकच सेन्सर असेल तर हे दुसरे उत्तर मिळतच नाही, म्हणून नवे काही घ्यायचे असेल तर आधी हा खालचा सेन्सर घ्या.

काळ्या मातीत पुरण्याची पद्धतही वेगळी असते. ही माती वाळली की आकसते आणि सेन्सरच्या सळ्यांपासून सुटते. मग सळ्यांभोवती हवा राहते आणि आकडा एकदम खाली येतो, किंवा भेगेतून पाणी थेट सेन्सरवर उतरून आकडा एकदम चढतो. जागेवरचीच माती चाळून, पाण्यात कालवून लाप्शीसारखी करावी, ती खड्ड्यात ओतून तीत सळ्या दाबाव्यात आणि वर मातीचा छोटा उंचवटा करावा, म्हणजे वायरच्या कडेने पाणी झिरपणार नाही. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी विचारात घेऊ नयेत.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी टेन्शिओमीटर हे जुने, साधे उपकरण आजही उत्तम आहे. पाण्याने भरलेल्या नळीच्या टोकाला सच्छिद्र मातीचा कप असतो, आणि मुळांना पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते वरचा काटा सेंटिबारमध्ये सांगतो. त्याला माती हलकी की भारी याने फारसा फरक पडत नाही, क्षारांनीही नाही. केळीसाठी मी काटा २५ ते ३५ सेंटिबारवर आला की पाणी द्यायला सांगतो. १० च्या खाली तो सतत राहत असेल तर जमीन चिंब आहे. साधारण ८० च्या पुढे नळीत हवा शिरते आणि ते निकामी होते. इथे एक धोका आहे. हवा शिरल्यावर काटा शून्याकडे सरकतो, म्हणजे माती वाळून गेलेली असताना उपकरण ती पूर्ण ओली असल्याचे दाखवते. माझ्या सुरुवातीच्या काळात चोपडा तालुक्यातील एका बागेत मी त्या शून्यावर विश्वास ठेवून चार दिवस पाणी थांबवायला सांगितले, आणि नव्या लागवडीतली बरीच रोपे करपली. ते नुकसान मला आजही विसरता येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की काटा शून्यावर दिसला तर आधी नळीतली पाण्याची पातळी पाहावी. नळीत उकळून गार केलेले पाणी भरावे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा कमी असते, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला ते पूर्ण भरावे.

आता हवामान केंद्राकडे वळतो. तीन अंशांचा फरक तापमापकाच्या जागेमुळे असण्याची शक्यता मोठी आहे. ते पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या भिंतीला लावलेले असेल तर ते पत्र्याचे तापमान सांगत आहे. तापमापक पांढऱ्या, हवेशीर पट्ट्यांच्या आवरणात, जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या मातीवर किंवा गवतावर हवा. धुळीने काळवंडलेले आवरणही तापमान वाढवते, म्हणून ते महिन्यातून एकदा पुसावे. पर्जन्यमापकाला झाडे-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर द्या. केळीचे पान वर्षभरात कुठवर येईल याचा विचार बसवतानाच करावा लागतो. मृगापूर्वी त्यातले जाळे आणि पक्ष्यांची घाण काढून एकदा पडताळणी करा: तोंडाचे क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर असेल तर हळूहळू ओतलेल्या २०० मिलिलिटर पाण्याची नोंद १० मिलिमीटर यायला हवी.

विम्याबाबत गैरसमज नसावा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती तुमच्या महसूल मंडळासाठी अधिसूचित केलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवरून. तुमच्या खासगी केंद्राची नोंद त्यासाठी ग्राह्य धरली जात नाही. तरी ती जपून ठेवा, कारण मंडळाचे केंद्र बंद पडलेले किंवा झाडीत झाकलेले असल्याची लेखी तक्रार वेळेत करायची असेल तर शेजारच्या रोजच्या नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या.

तुमच्या केंद्राचा खरा उपयोग हिवाळ्यात आणि पावसाळ्यात होईल. केळीची वाढ १६ अंशांखाली मंदावते, आणि आपल्याकडे पौषात पारा दहाच्या खाली जातो. थंड हवा जड असल्यामुळे नाल्याकाठच्या खोलगट वावरात ती साचते, म्हणून गावातल्या आकड्यापेक्षा तुमच्या खालच्या पट्ट्यात तापमान दोन-तीन अंशांनी कमी असू शकते. केंद्र तिथे असेल तर रात्री अकरालाच अंदाज येतो आणि ट्यूबवेलचे कोमट पाणी पहाटेपूर्वी सोडता येते. श्रावणापासून करपा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगासाठी आर्द्रतेपेक्षा पान किती तास ओले राहिले हे जास्त महत्त्वाचे आहे. तुमच्या केंद्राला पानओलावा सेन्सर जोडता येत असेल तर तो बागेच्या आत, पानांच्या उंचीवर लावा. बाहेरच्या मोकळ्या खांबावर तो दोन तास आधी वाळलेला दिसतो. फवारणी ओलाव्याचे तास वाढू लागताच करायची असते, ठिपके दिसल्यावर नाही. पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान पत्रिका किंवा मेघदूत ॲप पाहा. तुमचे केंद्र झालेले सांगते, होणारे सांगत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. उद्या सकाळी सहाला पाने पाहा आणि खड्डा घ्या. माती चिकट व आंबूस निघाली तर दोन दिवस पाणी बंद ठेवून तिसऱ्या दिवसापासून तीन तास द्या, तेही दोन पाळ्यांत. माती भुसभुशीत आणि कोरडी निघाली तर माझा अंदाज चुकला आणि ड्रिपर मोजणे हे पहिले काम. सेन्सर हलवायचा तो त्यानंतर. दहा दिवसांनी आलेखाचे चित्र, ड्रिपरची मोजमापे आणि वाळवलेल्या मातीची वजने कळवा, म्हणजे पाण्याचे पुढचे वेळापत्रक ठरवता येईल.